संयमाचे तापमान

जर्मनीच्या पश्चिमेला आयफेलच्या डोंगराळ मुलखात नूरबर्ग नावाचे गाव आहे. त्याच्या भोवती १९२७ साली खुली झालेली नॉर्डश्लायफे ही मोटारशर्यतीची वाट पसरली आहे. लांबी सुमारे २०.८ किलोमीटर, सर्वांत खालच्या आणि वरच्या बिंदूंत जवळजवळ ३०० मीटरचा फरक, आणि वळणे इतकी की नवखा माणूस मोजणेच सोडून देतो. शर्यत नसलेल्या ठरावीक दिवशी पैसे भरून कोणालाही तिथे स्वतःची गाडी नेता येते. कायद्याच्या लेखी त्या वेळी ती वाट म्हणजे टोल भरून वापरायचा एकेरी सार्वजनिक रस्ता असतो. वाहतुकीचे नियम लागू असतात आणि शर्यत लावायला बंदी असते. तरीही त्या वळणांवर ब्रेकची कसोटी लागतेच, म्हणून स्पोर्ट्स कार बाळगणारे हौशी लोक आदल्या दिवशी चाके काढून ब्रेकचे पॅड बदलतात. कॅलिपरच्या पिना काढायच्या, डबीतले ब्रेक ऑइल उतू जात नाही ना यावर एक डोळा ठेवून पिस्टन मागे दाबायचे, रोजचे पॅड उपसायचे, ट्रॅकचे पॅड सरकवायचे आणि गाडी हलवण्याआधी पेडल पुन्हा पुन्हा दाबून घट्ट करून घ्यायचे. काम तसे सरळ आहे. तरी त्याच्या पोटात धर्मचिंतनातला एक जुना प्रश्न दडलेला आहे. अत्यंत कठीण प्रसंगासाठी कमावलेला संयम साध्या प्रसंगी आपोआप हाताशी असतो का? सामान्य समजूत म्हणते, असतो. मोठ्यात लहान आलेच. ही समजूत चुकीची आहे असे मला वाटते, आणि ती का चुकीची आहे हे ब्रेकच्या पॅडइतके स्वच्छ दुसरे काही दाखवत असेल असे वाटत नाही.

आधी रोजचा पॅड का चालत नाही ते पाहू. दीड टनाची गाडी ताशी २०० किलोमीटरवरून ८० वर आणायची म्हणजे सुमारे १९ लाख ज्यूल ऊर्जा काही सेकंदांत कुठेतरी जिरवायची. सहा लिटर पाणी उकळायला साधारण तेवढीच लागते. यातली बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन पॅड आणि डिस्क यांत शिरते, आणि ती निघून जाण्याआधी पुढचे वळण येते. असे काही मिनिटे चालले की लोखंडी डिस्क कित्येक शे अंशांवर जाते. रस्त्यासाठी बनवलेल्या पॅडमधले घटक एकत्र धरून ठेवणारी रेझिन त्या उष्णतेत विघटित होऊ लागते, तिचे वायू पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये येतात, आणि पेडल पायाला घट्ट लागत असूनही गाडी थांबत नाही. उष्णता आणखी मागे सरकली तर ब्रेक ऑइल उकळते. डॉट ४ दर्जाच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. पण हे तेल हवेतली आर्द्रता शोषते, आणि मुरलेल्या तेलाची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. तेल उकळले की नळीत वाफ होते आणि वाफ दाबली जाते. पेडल थेट तळाला जाते. ट्रॅकचा पॅड या संकटासाठीच घडवलेला असतो. रोजचा पॅड जिथे हात टेकतो तिथे त्याचे खरे काम सुरू होते.

तोच पॅड सकाळी घरातून निघताना, डिस्क गार असताना, मात्र वेगळा वागतो. पाय नेहमीइतकाच दाबला तरी पहिल्या एकदोन वेळी त्याची पकड अनेकदा रोजच्या पॅडपेक्षा कमी असते, कारण त्याचे घर्षण पुरते जागे व्हायला उष्णता लागते. फॉर्म्युला वनच्या कार्बन ब्रेकमध्ये हे टोकाला गेलेले दिसते. सुमारे ४०० अंशांच्या खाली ते नीट धरत नाहीत आणि १,००० अंशांच्या आसपासही काम करतात. शर्यत मंदावली की चालक मुद्दाम ब्रेक दाबून ते तापते ठेवतात. जगातल्या सर्वांत समर्थ ब्रेकांपैकी हा एक, पण गावातल्या पहिल्या सिग्नलला थांबण्यासाठी तो मारुतीच्या पॅडपेक्षा कमी भरवशाचा. काही अलीकडचे ट्रॅक पॅड गार असतानाही बऱ्यापैकी पकडतात हे खरे आहे. मात्र त्याची किंमत ते दुसरीकडे वसूल करतात, डिस्क खातात, किंचाळतात, काळी भुकटी सोडतात. यूरोपातल्या कायद्याने या गोष्टीची दखल ज्या प्रकारे घेतली आहे ती तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने पाहण्यासारखी आहे. तिथे रस्त्यावरच्या गाडीसाठी बदली पॅड विकायचा तर संयुक्त राष्ट्रांच्या यूरोपीय आर्थिक आयोगाच्या ९० क्रमांकाच्या नियमात तो बसावा लागतो. त्यातली एक अट अशी की तेवढ्याच दाबाला मिळणारी पकड मूळ पॅडच्या १५ टक्के आतबाहेर असावी. कमी धरला तर नापास, आणि फार जास्त धरला तरीही नापास. शर्यतीच्या पुष्कळ पॅडना ही मान्यता नसते, आणि ते लावून सार्वजनिक रस्त्यावर उतरले तर जर्मनीत गाडीची रस्त्यावर येण्याची परवानगीच धोक्यात येते. म्हणजे नूरबर्गच्या त्या टोलच्या वाटेवर सर्वांत कडक पॅड लावून आलेला माणूस कायद्याच्या दृष्टीने सर्वांत कच्चा ठरू शकतो.

आपल्याकडे संयमाविषयी बोलताना मात्र अशी कमाल मर्यादा कोणी घालत नाही. संयम ही साठवण मानली जाते, आणि साठवण जितकी जास्त तितकी बरी. दीर्घ उपवास करणाऱ्याला एका जेवणाचा मोह काय अडवणार, वर्षानुवर्षे मौन पाळणाऱ्याच्या तोंडून कटू शब्द कसा निघणार, असे आपण गृहीत धरतो. महाभारताच्या वनपर्वातली कौशिकाची कथा या गृहीतकाची तपासणी करते. कौशिक हा वेदाध्ययन करणारा तपस्वी झाडाखाली बसलेला असताना वर बसलेल्या बगळीची घाण त्याच्या अंगावर पडते. तो रागाने वर पाहतो आणि बगळी मरून खाली कोसळते. त्याला पश्चात्तापही होतो. मग तो गावात भिक्षेला जातो. एक गृहिणी त्याला थांबायला सांगते, तेवढ्यात भुकेला नवरा घरी येतो, ती आधी त्याला वाढते, आणि ताटकळलेला कौशिक पुन्हा पेटतो. मी काही बगळी नाही, अशा अर्थाचे ती त्याला सुनावते आणि धर्म शिकायचा असेल तर मिथिलेत मांस विकणाऱ्या व्याधाकडे जा म्हणते. कौशिकाला ज्या दोन परीक्षा नापास करतात त्यांचे स्वरूप पाहावे. एक पक्ष्याची विष्ठा, दुसरी थोडा वेळ ताटकळणे. तपाच्या कष्टांपुढे जो ढळला नाही, त्याला गल्लीतल्या पहिल्या थांब्यावर थांबता आले नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. कौशिकाचे तप कच्चे होते. पक्के असते तर रागच आला नसता. मला हे उत्तर आळशी वाटते. कच्च्या तपाने बगळी जळत नाही. कथाकाराने ते सामर्थ्य मुद्दाम दाखवले आहे, म्हणजे शक्ती कमी पडली असे म्हणायची सोय उरू नये. रामायणाच्या बालकांडातला विश्वामित्र हा याहून बारकाईचा पुरावा आहे. मेनकेपुढे तो एकदा घसरतो; पुढे इंद्र रंभेला पाठवतो तेव्हा त्याला डाव कळतो, कामाच्या बाजूने तो आता अभेद्य आहे, आणि नेमका रागाने तिला शाप देऊन पुन्हा तप गमावतो. ज्या दिशेने उष्णता येणार हे ठाऊक होते तिकडे त्याने स्वतःला कणखर केले होते. ‘अजून तप हवे’ हे त्याचे निदान आपण स्वीकारले तर दर अपयशानंतर त्याच दिशेने आणखी वरच्या तापमानाचा पॅड बसवत जावे लागेल, आणि गार वेळची पकड आणखी खालावेल. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला, अति झोपणाऱ्याला आणि सदा जागणाऱ्याला एकाच पंगतीत बसवले आहे, आणि तिसऱ्या अध्यायात नुसत्या निग्रहाने काय साधणार असा रोखठोक सवाल आहे. हे कोणाचे लाड करण्यासाठी सांगितलेले नाही. सांगणारा रणांगणावर उभा आहे, तिथे सौम्यपणाचे प्रयोजन नव्हते. आहार, निद्रा, कर्म यांचे माप त्या माणसाच्या जगण्याला जुळलेले असावे, एवढाच त्याचा आग्रह आहे. अ‍ॅरिस्टॉटललाही हेच सुचवायचे होते. मायलो या मल्लाला पुरणारे अन्न व्यायामाला नुकत्याच लागलेल्या माणसासाठी अति होईल, हे त्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे आणि म्हणून अधिक गंभीर. रोजच्या रस्त्यावरही कधी तरी मोठे संकट येतेच. त्या एका क्षणासाठी मोठा ब्रेक असलेला बरा, नाही का? इथे संकट कसे येते ते नीट पाहिले पाहिजे. उभ्या गाड्यांच्या मधून एखादे मूल पळत रस्त्यावर येते तेव्हा ब्रेक गार असतो. शहरातले बहुतेक खरे संकट गार ब्रेकवरच येते, कारण आधीचा अर्धा तास पायाने काही जोराचे काम केलेले नसते. रोजच्या जगण्यातले नैतिक संकटही असेच असते. संध्याकाळी थकून घरी आल्यावर म्हाताऱ्या आईने तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, या प्रसंगाला कोणी पूर्वतयारीने सामोरे जात नाही. त्याआधी ध्यानाला बसायला वेळ मिळत नाही. रस्त्यावर उष्णता येते ती घाटात. खंडाळ्याच्या उतारावर भरलेला ट्रक ब्रेक दाबून दाबून उतरवला तर लायनर तापून निकामी होतात, आणि हे प्रत्येक जुन्या ड्रायव्हरला ठाऊक असते. पण त्यावर तो काय करतो? अधिक तापमानाचे लायनर शोधत बसत नाही. वरच गाडी खालच्या गिअरमध्ये टाकतो, उताराला वेग येऊच देत नाही, आणि ब्रेकला फारसे काम उरत नाही. मोह अनावर झाल्यावर तो आवरण्याची ताकद आणि मोह अनावर होऊ न देण्याची व्यवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या संतचरित्रांत पहिलीला जेवढी जागा मिळते तेवढी दुसरीला मिळत नाही, कारण खालच्या गिअरमध्ये उतरलेल्या माणसाची गोष्ट रंगत नाही.

तिसरा आक्षेप नूरबर्गला येणाऱ्या माणसाचाच आहे, आणि तो मला सर्वांत आवडतो. म्हणे, भांडण कशाला? दोन संच ठेवा. ट्रॅकवर हा, रस्त्यावर तो. परंपरेनेही जणू हेच केले: ब्रह्मचाऱ्याचे नियम वेगळे, गृहस्थाचे वेगळे, संन्याशाचे वेगळे. शांतिपर्वात तर आपद्धर्माचे स्वतंत्र प्रकरणच आहे. बारा वर्षांच्या दुष्काळात भुकेने कासावीस झालेला विश्वामित्र चांडाळाच्या घरातले कुत्र्याचे मांस चोरतो, त्यावर दोघांचा वाद होतो, आणि त्या काळापुरते ते कृत्य ग्रंथ समजून घेतो. नियमाला लागू होण्याचा पल्ला असतो, हे या मंडळींना माहीत होते. माझ्या म्हणण्याला यातून बळच मिळते. तरीही ‘दोन संच’ ही सोय वाटते तितकी सोपी नाही, आणि याचे कारण पॅडमध्ये सापडत नाही, डिस्कमध्ये सापडते. नवा पॅड बसवला म्हणजे काम झाले असे नसते. तो रुळवावा लागतो. मोकळ्या रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरच्या आसपासून पुन्हा पुन्हा जोरात वेग उतरवायचा, मात्र पूर्ण थांबायचे नाही, आणि मग ब्रेक न लावता गाडी चालवत तो निवू द्यायचा. या क्रियेत पॅडमधले द्रव्य डिस्कवर एकसारखे पसरते आणि त्याचा पातळ थर बसतो. पुढचे घर्षण बऱ्याच अंशी या थराशी होते. चांगली पकड म्हणजे पॅड आणि त्यानेच डिस्कवर ठेवलेला हा थर यांची जुळणी. आता त्याच डिस्कवर दुसऱ्या द्रव्याचा पॅड आणून घासला की जुना थर कुठे निघतो, कुठे राहतो, नवा कुठे बसतो, कुठे बसत नाही, आणि ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरते. लोक म्हणतात डिस्क वाकली. पुष्कळदा डिस्क सरळ असते, तिच्यावर दोन आयुष्यांचे डाग असतात. म्हणून जाणकार जुना थर घासून काढतात, किंवा दोन वेगळ्या डिस्कच ठेवतात.

संस्कार या कल्पनेचे इतके नेटके यांत्रिक रूप मला दुसरीकडे आढळलेले नाही. आपण व्रत घेतो तेव्हा पॅड बदलतो. पण थांबण्याचे काम ज्याच्याशी व्हायचे तो पृष्ठभाग म्हणजे वर्षानुवर्षे साचलेला स्वभाव, आणि तो बदललेला नसतो. गाडीला दोन डिस्क ठेवता येतात, माणसाला दोन स्वभाव ठेवता येत नाहीत. म्हणून शनिवारी-रविवारी कठोर साधना आणि सोमवारपासून नेहमीचे घर, अशी अदलाबदल करणाऱ्यांच्या वागण्यात ती थरथर दिसते. शिबिराहून परतलेला माणूस आठवडाभर घरच्यांवर विनाकारण चिडतो. त्याला घर गोंगाटाचे आणि माणसे उथळ वाटू लागतात. त्याची साधना खोटी नसते. ती तिथल्या उष्णतेत रुळलेली असते आणि इथल्या पृष्ठभागाशी तिची ओळख झालेली नसते. आणखी एक तपशील इथेच नोंदवतो. ट्रॅकवरून तापलेली गाडी आणून उभी केली तर हँडब्रेक ओढू नये, पेडलवर पाय दाबून ठेवू नये. तापलेला पॅड एकाच जागी दाबला गेला तर त्याचा ठसा डिस्कवर उमटतो. पेटलेल्या अवस्थेत घेतलेले कायमचे निर्णय याच जातीचे असतात. मंदिरातून बाहेर पडता पडता आयुष्यभरासाठी सोडलेला पदार्थ, शिबिराच्या शेवटच्या दिवशी तोडलेले नाते.

चौथा आक्षेप विद्वान घेतात. संयमाचे चांगलेपण जर परिस्थितीवर अवलंबून असेल तर चांगले-वाईट असे काही उरतच नाही, जो तो आपल्या तापमानाला आपला धर्म म्हणेल. हा आक्षेप लवकर निकालात निघतो. पॅड कोणता हे जागेवर ठरते, पण मूल वाचले पाहिजे हे जागेवर ठरत नाही. उलट साध्य पक्के असते म्हणूनच साधन जुळले की नाही हे तपासता येते, आणि ती तपासणी निर्दय असते. उकळलेले तेल कोणाचे मत विचारत नाही.

याहून खोल अडचण वेगळीच आहे, आणि ती माझ्या उपमेच्या मुळाशी जाते. ट्रॅकवर ब्रेक थांबण्यासाठी नसतोच. १९५३ साली ल मां येथे टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार पहिली आणली. त्या ब्रेकांचा लाभ असा की वळणाच्या अधिक जवळ जाईपर्यंत वेग टिकवता येत होता, आणि शर्यत लांबली तरी ते ढेपाळत नव्हते. चांगला ब्रेक म्हणजे सरासरी जास्त वेग. हे शर्यतीपुरतेच आहे असेही नाही. १९८०च्या दशकात म्युनिकमध्ये एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या आणि नसलेल्या टॅक्सींची तुलना झाली, तेव्हा एबीएसवाल्यांचे अपघात ठळकपणे कमी झालेले आढळले नाहीत. त्यांचे चालवणेच अधिक आक्रमक झाले होते. या निष्कर्षाच्या अर्थाविषयी पुढे वाद झाले आणि ते रास्त आहेत, एका शहरातल्या टॅक्सींवरून सगळ्या मानवजातीचा स्वभाव ठरत नाही. पण पुराणांना यात नवल वाटले नसते. रावण, हिरण्यकशिपू, भस्मासुर यांच्याइतका निग्रह ऋषींतही क्वचित दिसतो, आणि त्यांनी तो सगळा वेगात गुंतवला. तेव्हा संयम हा स्वतःहून सद्‌गुण नाही, ती क्षमता आहे, हे मान्य करावेच लागते. जो माणूस आपल्या कडक व्रतांबद्दल सांगू लागतो त्याला मी मनातल्या मनात विचारतो की या ब्रेकच्या जोरावर तुम्ही कुठला वेग वाढवला आहे. बहुधा उत्तर असते. अहंकार ही वेगाचीच एक जात आहे.

यातून तीव्र साधना निरर्थक आहे असा निष्कर्ष काढता येत नाही, मीही काढत नाही. ज्यांना ती चालवायची आहे त्यांनी तिचा पल्ला ओळखला आहे का, एवढेच पाहायचे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांचे विपश्यनेचे शिबिर असते आणि त्यात कडक मौन पाळले जाते. पण दहाव्या दिवशी, लोक घरी जाण्याच्या आदल्या दिवशी, ते मौन सोडवले जाते आणि माणसांना एकमेकांशी बोलू दिले जाते. घरी सकाळ-संध्याकाळ तासभर बसा, असेही सांगितले जाते. ज्याने हा क्रम बसवला त्याला डिस्क निववणे म्हणजे काय हे कळत होते. वारकरी पंथाने दुसरा मार्ग धरला. माळ, एकादशी, नामस्मरण, वर्षातून एकदा पंढरीची वाट: यातले एकही बंधन असे नाही की जे पेरणीच्या, लग्नकार्याच्या, दुखण्याखुपण्याच्या घरात पाळता येऊ नये. हे व्रत सौम्य म्हणून कमी दर्जाचे, असे त्याच्याकडे वरून पाहणाऱ्यांना वाटत आले आहे. त्याचे काम गार तापमानावर पहिल्याच दाबाला पकडण्याचे आहे, आणि त्या कामाच्या मापाने ते मोजले पाहिजे.

राहिले ते, ज्यांनी घर कायमचे सोडले. जी गाडी ट्रॅकवरून बाहेर येणारच नाही तिला रस्त्याचा पॅड लावण्याचे कारण नाही, आणि जन्मभर अरण्यात राहणाऱ्याविरुद्ध या लेखाला काही म्हणायचे नाही. त्याने सासू-सुनेच्या भांडणावर, मुलांच्या अभ्यासावर, नवरा-बायकोच्या अबोल्यावर सल्ला द्यायला सुरुवात केली की मात्र अधिकाराचा प्रश्न उभा राहतो. शंकराचार्यांच्या चरित्रकथांत असा एक प्रसंग आहे. मंडनमिश्रांना वादात जिंकल्यावर त्यांची पत्नी उभयभारती पुढे होते आणि संन्याशाला कामशास्त्रातले प्रश्न विचारते. अद्वैताच्या त्या सर्वश्रेष्ठ पंडिताला कथा तिथल्या तिथे उत्तर देऊ देत नाही. त्याला महिनाभराची मुदत मागावी लागते, आणि अमरुक राजाच्या देहात शिरून ते शिकून यावे लागते.